वाचनालयाचा वाढता संसार



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांला दिली, तेव्हा राजकारण, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या वाटेस न जाता आम्ही वाचनालयाचा साधा विषय घेतला. साधा अशासाठी, की वाचनालय नको असे म्हणणारा मनुष्य कोठे सापडत नाही. आणि ते आपल्या गावी नीट चालावे म्हणून तासभर खर्च करणारा मनुष्यही सहसा सापडत नाही. ज्या गोष्टीवर सर्वांचे एकमत असते, तीच गोष्ट बहुधा पोरकी राहते.

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. लोखंडी कपाटे, लांबट टेबलावर पसरलेली वर्तमानपत्रे, 'शांतता राखा' अशी पाटी, आणि चष्म्यावरून पाहणारे ग्रंथपाल. आता परदेशांतून बातम्या येतात त्या निराळ्याच. कोठे वाचनालयात शिवणयंत्रे मांडली आहेत, कोठे गाण्याचे ध्वनिमुद्रण चालते, कोठे वाचक पुस्तकाबरोबर करवत आणि पानाही घरी नेतो. हे ऐकून आमच्यापैकी काही जण हरखून जातात, काही जण कपाळावर हात मारून म्हणतात, "झाले! आता पुस्तकांचे दिवस संपले." आम्हांला या दोन्ही पक्षांशी थोडे भांडावयाचे आहे. ही गोष्ट आपण समजतो तितकी नवीन नाही, तितकी परकीही नाही, आणि तिचे मर्म यंत्रांत तर नाहीच नाही.

प्रथम आपल्या घरचे पाहू. महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास रत्नागिरीपासून, म्हणजे १८२८ पासून सांगतात. त्यानंतर १८३८ मध्ये अहमदनगर, १८४० मध्ये नाशिक, १८४८ मध्ये पुणे, १८५० मध्ये कोल्हापूर अशी माळ लागली. पुण्याच्या 'नेटिव जनरल लायब्ररी'च्या उभारणीत लोकहितवादींनी पुढाकार घेतला होता. ही वाचनालये नावाने सार्वजनिक असली तरी व्यवहारात वर्गणीदारांची होती. वर्गणी देणारा कोण, तर सरकारी नोकर, वकील, सरदार आणि सावकार. शेतकरी, बलुतेदार, स्त्रिया आणि अस्पृश्य मानला गेलेला समाज हे त्या दाराबाहेरच होते. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ खरा व्हावयास पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो सर्वस्वी खरा झाला आहे असे आजही छातीवर हात ठेवून सांगता येईल काय?

तथापि त्या पिढीची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांचे कोठार, असे त्यांनी कधी मानले नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने आपल्या पदरी नाट्यगृह बाळगले, वस्तुसंग्रहालयही बाळगले. ठाण्यास १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे सहकारी यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, ते मराठी भाषेत छापलेले पुस्तक म्हणून जे जे असेल ते ते एका जागी जमवावे या हेतूने. १८९८ मध्ये निघालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने पुढे १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ उभे केले आणि त्याची धुरा अ. का. प्रियोळकरांसारख्या विद्वानाकडे सोपविली. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली; आज अनेक गावी अशा व्याख्यानमाला तेथील वाचनालयेच चालवितात. म्हणजे नाटक, संग्रह, संशोधन आणि व्याख्यान ही चारही कामे वाचनालयाच्या छपराखाली आपल्याकडे पूर्वीपासून होत आली आहेत.

याहून पुढचे पाऊल पडले ते बडोद्यास. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यांच्या लक्षात आले की शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती वाचावयास काही नसेल, तर शिकलेली अक्षरे चार वर्षांत पुसून जातील. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले आणि राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले. नियम मोठा मार्मिक होता. गावाने काही रक्कम जमवावी, तितकीच रक्कम प्रांतपंचायतीने द्यावी, आणि तितकीच सरकारने. गावाने आधी हात पुढे केल्यावाचून सरकारचा हात पुढे येत नसे. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी फिरती वाचनालये धाडीत. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता, मुलांसाठी खेळण्यांची खोली होती. आणि ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी काय? तर मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे दाखविणारी एक स्वतंत्र शाखा या खात्याने चालविली. निरक्षर मनुष्यालाही वाचनालयावर हक्क आहे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या राज्यात अमलात आला होता. आज परदेशांतील ग्रंथालयांची चित्रे पाहून ज्यांना नवल वाटते, त्यांनी एकदा बडोद्याकडेही वळून पाहावे.

तिसरे उदाहरण कामगारांचे. मुंबई राज्यात १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्यातून आजचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. त्याच्या केंद्रांत एका खोलीत वर्तमानपत्रे आणि पुस्तके, दुसरीत शिवणवर्ग, तिसरीत लहानग्यांचे शिशुमंदिर आणि संध्याकाळी नाटकाची तालीम, असा थाट असे. कामगारांच्या नाट्यस्पर्धांनी किती नट आणि लेखक घडविले! या केंद्रांना कोणी वाचनालय म्हणत नसे. परंतु जगातील मोठी शहरे आज ज्या प्रकारचे वाचनालय बांधीत आहेत, त्याच्याशी या चाळवजा केंद्रांचे नाते अगदी जवळचे आहे.

आता परदेशात जाऊ. तेथेही आम्ही आपणांस प्रथम एखाद्या राजधानीत नेणार नाही, पोलादाच्या एका गावी नेणार आहो. कारण आपले तळोजेही कारखान्यांचेच गाव. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ब्रॅडक नावाचे गाव आहे. अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या धन्याने अमेरिकेतील आपले पहिले वाचनालय तेथे बांधले. ते १८८९ मध्ये उघडले. त्याच्या तळघरात स्नानगृह होते. भट्टीवरून काजळी आणि घाम घेऊन आलेल्या कामगाराने तेथे अंग धुवावे आणि मग वर पुस्तकांकडे जावे, अशी ती व्यवस्था. चार वर्षांनी संगीतसभागृह, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावही त्याला जोडण्यात आला.

योजना उत्तम. पण याच सुमारास त्याच कारखान्यात बारा तासांची पाळी पुन्हा लादली गेली होती. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला मनुष्य वाचणार केव्हा? धन्याने दिवसही घेतला आणि मग वाचनालय दिले! वाचनालयाला इमारत लागते, पुस्तके लागतात, हे सर्वांना कळते. त्याला लोकांचा मोकळा वेळही लागतो, ही गोष्ट मात्र दात्यांच्या ध्यानात येत नाही.

पुढे पोलादाचा धंदा बसला, गाव रोडावले आणि १९७४ मध्ये ते वाचनालय बंद पडले. इमारत पाडण्याचे घाटत होते. तेव्हा तेथील अखेरचे ग्रंथपाल डेव्हिड सोलोमन यांनी ती एका डॉलरला विकत घेतली आणि वाचविली. काही वर्षांनी गावकऱ्यांच्या खटपटीने एकेक खोली करून ते पुन्हा सुरू झाले. आज त्या जुन्या स्नानगृहाच्या जागी मातीकाम आणि भांडी घडविण्याची कार्यशाळा चालते; आणि २०१३ पासून तेथून लोक पुस्तकांप्रमाणे चित्रेही घरी नेतात, भिंतीवर लावतात आणि मुदत संपली की परत आणून देतात. धनवंताने बांधलेले वाचनालय बंद पडले. एका पगारदार ग्रंथपालाने आणि गरीब गावाने ते उभे केले. 'गाव करील ते राव काय करील' ही म्हण आपल्याकडची, पण तिची साक्ष अशी सातासमुद्रांपलीकडे मिळते.

ब्रॅडकनंतर बाकीची उदाहरणे थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातील बर्कली गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ मध्ये अवजारे उसनी देण्याची शाखा काढली. घराची डागडुजी करावयाची तर एका दिवसाच्या कामासाठी महागडे यंत्र कोण विकत घेणार? ते गावाने एकदा घ्यावे आणि सर्वांनी वापरावे. पुस्तकाचा न्याय तोच अवजाराचा! डेन्मार्कमधील आरहूस शहरात २०१५ मध्ये 'डॉक वन' नावाचे ग्रंथालय उघडले. नगरपालिकेचे दाखले आणि अर्ज यांचे कामही तेथेच होते. त्या ग्रंथालयात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. शहराच्या रुग्णालयात मूल जन्मले की आईबापांनी तेथील एक कळ दाबावी आणि इकडे ग्रंथालयात घंटा वाजावी. वाचणाऱ्याने मान वर करून क्षणभर ऐकावे, की आपल्या गावात आणखी एक माणूस आले.

फिनलंडने आपल्या स्वातंत्र्याच्या शताब्दीची भेट म्हणून हेलसिंकीत 'ओडी' नावाचे ग्रंथालय बांधले. ते ५ डिसेंबर २०१८ रोजी, पार्लमेंटाच्या अगदी समोर, उघडले. तळमजल्यावर भेटण्याबोलण्याची जागा आणि चित्रपटगृह, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आणि वस्तू घडविण्याची यंत्रे, आणि सर्वांत वरती, भरपूर उजेडात, सुमारे एक लाख पुस्तके. ही रचना लक्षात घेण्यासारखी आहे. पुस्तकांना त्यांनी हद्दपार केले नाही, सर्वांत वरचे स्थान दिले. आणि गलबला खाली ठेवला. त्या देशाने २०१६ मध्ये केलेल्या ग्रंथालय कायद्यात पुस्तके पुरविण्याबरोबरच शिकण्यासाठी, छंदासाठी, कामासाठी आणि नागरिकांच्या उपक्रमांसाठी जागा देणे हेही ग्रंथालयाचे कर्तव्य म्हणून नोंदविले आहे.

या सर्वांतून तत्त्व कोणते निघते? आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. त्यांतील पाचव्याचा आशय असा, की ग्रंथालय ही सजीवाप्रमाणे वाढत राहणारी संस्था आहे. सजीव वाढतो म्हणजे नुसता फुगत नाही. त्याला नवे अवयव फुटतात. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील मन्नारगुडीस बैलगाडीतून फिरते वाचनालय सुरू झाले, तोही असाच एक नवा अवयव. आमच्या मते वाढीची दिशा अशी आहे. प्रथम वाचनालयाने पुस्तके सांभाळली. नंतर ती वाचकाच्या हाती दिली. आता ते वाचकालाच विचारीत आहे, की बाबा रे, तू वाचलेस, तुला काही येते, तर ते दुसऱ्याला दे. घेणाऱ्याला देणारा करणे हा या बदलाचा गाभा. शिवणयंत्र हे निमित्त. त्याच्याभोवती एक शिकविणारी आणि चार शिकणाऱ्या बसतात, हे महत्त्वाचे.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, अशाने वाचनाची शांतता जाईल. आक्षेप रास्त आहे. ज्याच्या घरात सहा माणसे आणि एक खोली, त्याला वाचनालयातील शांतता हीच मोठी श्रीमंती असते. ती कोणी लुटू नये. परंतु हेलसिंकीने मजल्यांनी जे साधले ते आपण घड्याळाने साधू शकतो. खोली एकच असली तरी सकाळची वेळ अभ्यासाची, दुपारची स्त्रियांच्या वर्गाची आणि मुलांची, रात्रीची पुन्हा शांततेची, अशी वाटणी करता येते. दुसरा आक्षेप, अशाने पुस्तकांवरचा खर्च कमी होईल. ही भीती खोटी नाही. यंत्र आणल्याचे छायाचित्र छापून येते, पुस्तक आणल्याचे येत नाही. म्हणून संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवावे, की ग्रंथखरेदीच्या रकमेला दुसऱ्या कामासाठी हात लावता येणार नाही.

तिसरी अडचण आपल्या येथील खास आहे. अनेक वाचनालये आज केवळ अभ्यासिका होऊन बसली आहेत. स्पर्धापरीक्षांची मुले आपली पुस्तके घेऊन येतात, टेबलाचे भाडे भरतात आणि कपाटाकडे न पाहता जातात. त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या पाठीवर घरची आशा बसलेली असते. पण त्यांच्याकडून आठवड्यातून एक तास मागावयास काय हरकत आहे? त्या तासात त्यांनी वस्तीतील लहान मुलांना गणित शिकवावे, म्हाताऱ्यांना अर्ज भरून द्यावेत. परीक्षेत यश कोणाला मिळेल, कोणाला नाही. पण गावाला चार शिक्षक खास मिळतील.

आता आपल्या तळोज्याकडे येऊ. या गावात आज तीन गावे नांदत आहेत. एक जुने गाव आणि भोवतालचे पेंधर, रोहिंजण, नावडे, घोट असे पाडे आणि वाड्या. येथे आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दुसरे गाव औद्योगिक वसाहतीचे. रसायने, पोलाद, मासळीप्रक्रिया अशा कारखान्यांतून पाळीपाळीने काम करणाऱ्यांचे. तिसरे गाव सिडकोच्या आणि खाजगी उंच इमारतींचे. ठाण्यामुंबईहून, घाटावरून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून आलेल्या बिऱ्हाडांचे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि ही तिन्ही गावे एका कारभाराखाली आली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, आणि ही तिन्ही गावे एका डब्यातून प्रवास करू लागली. परंतु एका डब्यात बसणे म्हणजे शेजारी होणे नव्हे. पूर्वी गावात पार होता, चावडी होती, विहीर होती. नव्या वसाहतीत फाटक आहे, पहारेकरी आहे, उद्वाहक आहे. ज्या जागी पैसे मोजल्याशिवाय आणि जात, गाव, भाषा सांगितल्याशिवाय दोन घटका बसता येईल, अशी जागा किती आहे ते मोजून पाहा. हे काम वाचनालयाने करावयाचे आहे.

ते कसे? चार गोष्टी सुचवितो; चारही थोड्या पैशांत होणाऱ्या आहेत.

पहिली, वेळ. ब्रॅडकचा धडा विसरू नये. दुसऱ्या पाळीचा मनुष्य रात्री सुटतो आणि तिसऱ्या पाळीचा सकाळी. आठवड्यातून दोन दिवस तरी वाचनालयाचे दार त्यांच्या वेळी उघडे असावे.

दुसरी, अवजारे. तळोज्यात फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांची वाण नाही. सेवानिवृत्त झालेल्या कारागिराचे चाळीस वर्षांचे ज्ञान त्याच्या घरात पडून असते. एक कपाट अवजारांचे, एक शिवणयंत्र, आणि रविवारी सकाळी असा एक कारागीर. मोडलेला पंखा घेऊन या, दुरुस्त कसा करतात ते शिकून जा. पंखा घेऊन इमारतीतील मनुष्य येईल आणि शिकविणारा गावठाणातील असेल. त्यांची ओळख करून द्यावयास तिसऱ्याची गरज पडणार नाही.

तिसरी, संग्रह. भावे यांनी ठाण्यास छापील मराठीचा संग्रह केला; येथे न छापलेल्या मराठीचा करावयास हवा. आगरी लग्नांत धवलारीण जे धवले गाते ते तिच्या कंठात आहेत, कागदावर फारसे नाहीत. खाजणाची, बांधाची, उघाडीची, भाताच्या वाणांची नावे, शेतांची नावे, ही सारी जमिनीबरोबर चालली. जेथे शेते होती तेथे आज क्षेत्र क्रमांक आहेत. कोकणी मुसलमानांच्या घरांतील बोली हीदेखील या मातीचीच ठेव आहे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असते. शाळकरी मुलांनी आजीपुढे बसावे, ऐकावे, मुद्रित करावे, लिहून काढावे आणि नाव-तारीख घालून वाचनालयात ठेवावे. दहा वर्षे हे काम केले तर या वाचनालयापाशी जे असेल ते जगातल्या कोणत्याही ग्रंथालयापाशी नसेल. आणि दहा वर्षे केले नाही, तर नंतर करावयास कोणी उरणार नाही.

चौथी, भाषा. कपाटात मराठी पुस्तके अग्रभागी असावीत, यात शंका नाही. पण उर्दू, हिंदी, कानडी वाचणाऱ्या शेजाऱ्यासाठीही एकेक फळी असावी. आपल्या भाषेचे पुस्तक शोधीत जो आत येईल, तोच उद्या मराठीचे पुस्तक हाती घेईल. दारातूनच परत गेलेला मनुष्य कोणतीच भाषा शिकत नाही.

शेवटी, ज्याच्यावाचून हे सर्व व्यर्थ आहे त्या मनुष्याविषयी बोलतो. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामुळे गावोगाव ग्रंथालये मान्यता पावली, अ, ब, क, ड अशा वर्गांत बसली आणि त्यांना अनुदान मिळू लागले. हे काम मोठे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या अनुदानात संस्था कशीबशी तगते, आणि तेथे राबणाऱ्या सेवकाच्या हाती पडतो तो पगार सांगावयास लाज वाटावी असा. शिवणवर्ग, संग्रह, रविवारची दुरुस्ती, रात्रीचे दार हे सारे कोण करणार? तोच ना? हेलसिंकीच्या इमारतीचे चित्र आपण भिंतीवर लावतो. तेथील ग्रंथपाल हा शिकलेला आणि पोटापुरते वेतन मिळविणारा असतो, ते मात्र चित्रात दिसत नाही. सोलोमन नसते तर ब्रॅडकची इमारत आज नसती. सरकारकडे मागणे मागावयाचेच आहे, पण बडोद्याचा नियमही आठवावा: आधी गावाचा वाटा. तीनशे बिऱ्हाडांच्या एका इमारतीने दर घरटी महिना वीस रुपये काढले तर सहा हजार होतात. अशा पाच इमारती पुढे आल्या तर एका ग्रंथपालाचे वेतन उभे राहील. सजावटीच्या दिव्यांवर आपण याहून अधिक खर्च करतो.

श्रोतेहो, आम्ही स्वप्न सांगितलेले नाही, हिशेब सांगितला आहे. या सभागृहातून बाहेर पडताना आपल्यापैकी दहा जणांनी जरी एकमेकांची नावे आणि पत्ते लिहून घेतले, आणि पुढच्या रविवारी वाचनालयासाठी एकत्र बसावयाचे ठरविले, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.